पहिली सर्व्हिस घरी करायची, पण कूपन सांभाळून

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवी स्प्लेंडर प्लस घेतली, काट्यावर ५६० किमी पडलेत. गाव चंदगड तालुक्यात आतल्या बाजूला, सर्व्हिस सेंटर तासाभराच्या रस्त्यावर. घरी पान्यांचा संच आहे, हात चालतो. मग पहिली सर्व्हिस घरीच उरकली तर चालेल का, त्यात काय काय करायचं आणि वॉरंटीचं काय होईल?

आधी वॉरंटीचं बोलतो, कारण त्यावर बाकीचं ठरतं. फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फ्री. ऑइल आणि बारीकसारीक सामान तुमच्याच खिशातून जातं. पण या सर्व्हिस अधिकृत सेंटरवर, कूपनवर छापलेल्या किलोमीटरच्या किंवा दिवसांच्या आत, जे आधी भरेल त्याप्रमाणे, करून घेतल्याची नोंद वॉरंटीसाठी लागते. हिरोच्या पुस्तकात पहिलीसाठी ५०० ते ७५० किमी दिलेत, म्हणजे तुमच्या हातात अजून १९० किमी आहेत. दिवसांची मुदत मात्र कूपनवर बघून घ्या, गाडी कमी फिरवणाऱ्यांची ती हमखास चुकते. उद्या इंजिनाचं मोठं काम निघालं तर ‘ऑइल मी स्वतः बदललंय, हे बघा बाटलीचं बिल’ या बोलण्याला काउंटरवर काडीची किंमत नाही. तेव्हा कूपन वाया घालवू नका. बाजाराला जायच्या दिवशी गाडी सेंटरला टाका, ऑइल त्यांना बदलू द्या, शिक्का घ्या.

मग घरी करायचं काय? माझ्या मते बरंच काही. किंबहुना पहिल्या सर्व्हिसचा महत्त्वाचा भाग घरीच नीट होतो. ऑइल बदलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. गर्दीच्या दिवशी सेंटरवर एकेका मेकॅनिकच्या नावावर गाड्यांची रांग असते. तो ऑइल काढतो, चेनला तेल देतो, वॉशिंगला पाठवतो. प्रत्येक बोल्टला हात लावून बघायला, चाक फिरवून चेन चार ठिकाणी तपासायला त्याला वेळ नसतो. तुम्हाला तो आहे. म्हणून सेंटरला जायच्या आदल्या दिवशी घरी गाडी नीट बघायची, जमेल ते करायचं, न जमणारं कागदावर लिहून न्यायचं आणि परत आल्यावर पुन्हा एकदा बघायचं.

ही सर्व्हिस एवढ्या लवकर का असते, ते समजून घेतलंत तर काय बघायचं ते आपोआप कळेल. ५००-६०० किमीत ऑइल खराब होत नाही. पण नव्या इंजिनात सिलिंडरची भिंत, पिस्टनच्या रिंगा आणि गिअरचे दाते एकमेकांना घासून बसत असतात आणि त्या घासण्यातून निघालेली धातूची बारीक पूड ऑइलमध्ये उतरते. स्प्लेंडरच्या इंजिनात पल्सर किंवा बुलेटसारखा बदलायचा कागदी फिल्टर नसतो. असते ती एक जाळी आणि एक सेंट्रिफ्यूगल फिल्टर. जाळी मोठे कण अडवते. सेंट्रिफ्यूगल फिल्टर गरगर फिरून जड कण कडेला फेकतो आणि ते तिथेच चिकटून राहतात. त्याहून बारीक पूड मात्र ऑइलबरोबर फिरत राहते. ती बाहेर काढायचा मार्ग एकच, ऑइल बदलणं. जाळी आणि सेंट्रिफ्यूगल फिल्टर साफ करायला उजव्या बाजूचं कव्हर उघडावं लागतं, नवीन गॅस्केट लागतं. ते घरच्या पहिल्या सर्व्हिसचं काम नाही, तिकडे वळू नका.

इंजिनाच्या आत जे चालतं तेच बाहेरही चाललेलं असतं. क्लच वायरचं कव्हर जागेवर बसतं, ब्रेक शू ड्रमला घासून बसतात, चेनच्या पिना बसतात, हँडलखालच्या गोळ्या त्यांच्या वाटीत बसतात. सायलेन्सर तापून-गार होऊन त्याचे नट ढिले पडतात. जे जे बसलं ते ते थोडं सैल झालं, एवढं डोक्यात ठेवा.

गाडी धुवायच्या आधी बघा. हे उलटं वाटेल, पण धुतलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही. धूळ ऑइलला धरून बसते, त्यामुळे जिथून पाझर असेल तिथे काळपट ओला डाग पडतो. टॉर्चने बघा: ड्रेन बोल्टच्या (ऑइल खाली सोडायच्या बोल्टच्या) आसपास, मॅग्नेटच्या कव्हरचा सांधा, हेड आणि सिलिंडर जिथे मिळतात ती रेघ, गिअरचा दांडा जिथून बाहेर येतो ती जागा आणि पुढच्या फोर्कच्या सीलखाली नळीवर. फोर्कच्या नळीवर ऑइलचं ओलं कडं दिसलं तर पुसून ठेवा, दहा-वीस किमी चालवा, परत बघा. पुन्हा आलं तर सेंटरच्या यादीत लिहा. फोटो काढून ठेवलात तर उत्तम, कारण वॉशिंगहून आल्यावर ‘कुठंय गळती?’ हा प्रश्न ठरलेला असतो.

आता नट-बोल्ट. आपल्याकडे ‘आवळून दे’ म्हणजे खांद्याचा जोर लावून दे, असा समज आहे आणि घरी सर्व्हिस करणाऱ्यांचं नुकसान सैल सुटलेल्या नटाने होतं त्याच्या कितीतरी पट जास्त आवळलेल्या नटाने होतं. माझ्याकडे येणारी मोडतोड बहुतेक याच जातीची: आटे गेलेला ड्रेन बोल्ट, तुटलेला सायलेन्सरचा स्टड, चिरलेलं कव्हर. एक हिशेब लक्षात ठेवा. इंजिनच्या कव्हरांचे बहुतेक बोल्ट सहा मिमी जाडीचे असतात, त्यांना दहाचा पाना लागतो. असा बोल्ट साधारण दहा न्यूटन-मीटरला धरतो. वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला हे पाच किलोच्या आसपास वजन होतं, म्हणजे मनगटाचा जोर पुरतो. म्हणून छोट्या बोल्टला पाना टोकाला धरू नका. डोक्याजवळ, दोन बोटांच्या अंतरावर धरा. ढिला आहे का एवढंच बघायचं असेल तर हलका दाब द्या. हलला तर बसवा, नाही हलला तर हात काढा. प्रत्येक बोल्ट थोडाथोडा फिरवून ठेवायची सवय वाईट.

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायला मदत करणारा पाना, घ्यायचा का? पुढे सगळं काम स्वतःच करायचं असेल तर जरूर घ्या, पण कमी मापाचा घ्या. मोटारीच्या चाकासाठीचा मोठा टॉर्क पाना दहा-वीस न्यूटन-मीटरला भरवशाचा नसतो.

हात लावून बघायच्या जागा अशा: सायलेन्सरचे हेडजवळचे दोन नट (इंजिन पूर्ण गार असताना, आणि दोन्ही आलटून-पालटून थोडेथोडे), सायलेन्सरचा मागचा बोल्ट, फुटरेस्टच्या दांड्याचे बोल्ट, इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट, शॉकअपचे वरचे-खालचे नट, साइड स्टँडचा बोल्ट आणि त्याची स्प्रिंग, आरसे, नंबर प्लेट. नंबर प्लेटला हसू नका, आतल्या रस्त्यांवर पहिला सुटतो तो तिचाच स्क्रू. साइड पॅनेल काढून बॅटरीचे दोन्ही स्क्रू बघा. नव्या गाडीला ‘मधेच सेल्फ लागत नाही’ ही तक्रार येते तेव्हा बॅटरी खराब नसते, टर्मिनल नुसतं टेकवलेलं असतं. टर्मिनल काढायचं झालं तर निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा.

क्लचचं लिव्हर टोकाशी १० ते २० मिमी मोकळं हललं पाहिजे. नवी वायर बसली की हा प्ले वाढतो, गाडी न्यूट्रलला यायला अडते, गिअर टाकताना खट आवाज येतो. त्यासाठी इंजिनजवळच्या नटावर ॲडजस्ट करा, वरचा लिव्हरजवळचा बारीक फेरफारासाठी ठेवा. प्ले अजिबात न ठेवणं हा उलट्या बाजूचा दोष. मग क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि प्लेटा घसरून जळतात. ॲडजस्ट झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वळवताना प्ले नाहीसा होत असेल तर वायर कुठेतरी ताणली जातेय.

चेनवर जरा सावकाश बोलतो, कारण स्प्लेंडरची चेन पूर्ण बंद कव्हरात असते आणि दिसत नाही म्हणून विसरली जाते. कव्हराला खालच्या बाजूला रबरी बूच असतं. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रलला टाका, बूच काढा, बोटाने चेन वर-खाली हलवा. अशा गाड्यांत साधारण २० ते ३० मिमी ढिल ठेवतात. नेमका आकडा तुमच्या पुस्तकात आहे, तोच धरा. मग चाक पाव फेरी फिरवून परत बघा. असं पूर्ण फेरीभर करा. चेन सगळीकडे सारखी नसते, एका जागी ती जास्त ताणलेली लागते. ॲडजस्टमेंट त्या ताणलेल्या जागी करायची. ढिल्या जागी मोजून आवळलीत तर ताणलेल्या जागी ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढत राहते आणि एक किणकिणता आवाज सुरू होतो, तो कशाने येतोय ते लवकर कळत नाही.

ताण बदलायचा असेल तर ॲक्सलचा नट आणि चेनच्या बाजूचा स्लीव्ह नट दोन्ही ढिले करावे लागतात. नुसता ॲक्सल नट ढिला करून ॲडजस्टर फिरवत बसलात तर चाक सरकत नाही आणि माणूस जोर लावून ॲडजस्टरचे आटे घालवतो. दोन्ही बाजूंना खुणा आहेत, दोन्हीकडे सारखी खूण आणा. आवळल्यावर चेन परत मोजा, कारण नट बसताना चाक थोडं सरकतं. तेलासाठी नव्वद नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत थेंब-थेंब सोडा. इंजिन चालू करून, गिअरमध्ये चाक फिरत ठेवून चेनजवळ बोट किंवा फडकं कधीही नेऊ नका. बोटं गेलेली माणसं पाहिली आहेत. जळकं ऑइल चेनला घालतात तेही नको, त्यातली पूड हाताने चेनमध्ये भरल्यासारखं होतं.

चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकचा रॉड ताणला जातो, म्हणून चेननंतर ब्रेक, हाच क्रम. पॅडल २० ते ३० मिमी खाली जाऊन ब्रेक धरायला हवा. चाक हाताने फिरवून बघा, घासायला नको. आणखी एक गोष्ट जुन्या गाड्यांवर हात बसलेल्यांना माहीत नसते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या दुचाकींना एकत्र ब्रेकची पद्धत किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. तुमच्या गाडीत मागचं पॅडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. म्हणजे मागचा नट फिरवलात तर दोन चाकांत ब्रेक कसा वाटला जातो तेही बदलतं. तेव्हा मागचा नट फेऱ्यावर फेऱ्या फिरवू नका. अर्धी-एक फेरी इकडे-तिकडे ठीक आहे, त्याहून जास्त लागत असेल तर यादीत लिहा आणि सेंटरवर पुस्तकातल्या पद्धतीने करून घ्या. शेवटी मागचा लाल दिवा पॅडल दाबल्यावर वेळेवर लागतो का ते भिंतीवर उजेड बघून तपासा.

हँडलखालच्या बेअरिंगची परीक्षा सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर, घरातल्या कुणाला तरी मागे बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. फोर्कची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकला. खट-खट जाणवलं तर बेअरिंग सैल. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोडा, ते कुठेही न अडता गेलं पाहिजे. हे बसवायला वेगळा पाना लागतो, शिवाय किती आवळायचं तो अंदाज हाताला असावा लागतो, म्हणून हे सेंटरवर. मात्र ‘ब्रेक मारल्यावर हँडलमध्ये खट होतं, कप-गोळ्या बघा’ असं जॉब कार्डवर लिहून घ्या. नुसतं ‘चेक’ लिहिलेलं कुणी वाचत नाही.

टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण हात चालणाऱ्या माणसाला मोह होतो म्हणून सांगतो. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि चौकोनी डोक्याच्या स्क्रूची चावी नसेल तर ते झाकण उघडू नका. गेज असेल तरी ते काम रात्रभर गार झालेल्या इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून करायचं असतं. टॅपेटचा थोडा टिकटिक आवाज निरुपद्रवी असतो. आवाज बंद व्हावा म्हणून घट्ट केलेलं टॅपेट वाईट, कारण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. शांत इंजिन म्हणजे चांगलं इंजिन, हा समज गॅरेजवाल्यांनीच पसरवलाय.

ऑइल सेंटरवर बदलून घ्या म्हटलं, तरी पद्धत सांगतो. पुढे दोन सर्व्हिसच्या मधलं ऑइल तुम्ही घरी बदलाल, आणि वाचणाऱ्यांत कूपन संपलेलेही असतीलच.

ग्रेड १०डब्ल्यू-३०, आणि बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं, त्यात घर्षण कमी करणारी भर असते आणि त्याने क्लच घसरतो. मोटारीचं महागडं सिंथेटिक ऑइल शिल्लक होतं म्हणून घातलं, हेही याच कारणाने नको.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा. आय-थ्री-एसचं (इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या सोयीचं) बटण बंद ठेवा, नाहीतर गरम झालेलं इंजिन न्यूट्रलला आपोआप बंद पडेल आणि तुम्ही प्लग तपासत बसाल. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या, खाली पसरट भांडं ठेवा. आधी वरचं झाकण सैल करा, मग सतराच्या रिंग पान्याने ड्रेन बोल्ट. उघडा पाना नको, डोकं गोल होतं. शेवटचे आटे हाताने, बोल्ट आत दाबत सोडवा, म्हणजे ऑइल मनगटावर येत नाही. पूर्ण निथळू द्या, घाई करू नका.

निघालेलं ऑइल उन्हात धरून बघा. पहिल्या ऑइलमध्ये चंदेरी झाक असते, भांडं हलवलं की रेशमासारखी चमक फिरते. हे नेहमीचं. सांध्याला लावलेल्या पेस्टचे करडे तुकडेही कधी निघतात, त्याचीही काळजी नको. बोटांत टोचणारा कण किंवा चपटी कपची मिळाली तर ती चिमटीने उचलून कागदात ठेवा आणि गाडीबरोबर सेंटरला न्या. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. तुमच्याकडच्या पावसात हे बघायला विसरू नका.

बोल्टचा वॉशर नवा घाला, किंमत किरकोळ असते. जुना वॉशर आत चिकटून राहिलाय का ते बोट फिरवून बघा, दोन वॉशर एकावर एक बसले की गळती ठरलेली. बोल्ट आधी हातानेच पूर्ण बसेपर्यंत फिरवा. दोन आट्यांनंतर पाना लागत असेल तर वाकडा गेलाय, काढून परत घाला. नंतर पंचवीसच्या आसपास न्यूटन-मीटर, पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो. बोल्ट पोलादी, घर ॲल्युमिनियमचं, त्यामुळे आटे जातात ते इंजिनाचेच.

बाटली ९०० मिलीची मिळते, पण सगळी एकदम ओतू नका. थोडं मागे ठेवा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, तेवढाच वेळ थांबा, मग झाकणाला जोडलेलं ऑइलचं गेज पुसून आत घाला. गेज नुसतं टेकवायचं, आटे फिरवून बसवायचं नाही. इथे पुष्कळजण फसतात. गेज आवळून बघितलं तर लेव्हल असते त्यापेक्षा जास्त दिसते आणि गाडी कमी ऑइलवर पळते. वरच्या खुणेपर्यंत आलं की बास. जास्त भरलेलं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरकडे जातं.

जुनं ऑइल त्याच बाटलीत भरून गॅरेजला द्या, ते गोळा करणारे येतात. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. वाळवीसाठी खांबांना फासायची आणि बांधावर ओतायची पद्धत गावोगाव आहे, पण विहिरीच्या वरच्या अंगाला ते मुळीच नको.

हवा सकाळी गाडी गार असताना तपासा, आकडे गाडीवरच्या स्टिकरवर आहेत. नव्या गाडीत ती बऱ्याचदा जास्तच भरलेली असते. एअर फिल्टरला अजून हात लावायची गरज नाही. गाडी धुताना हबवर, स्विचवर आणि एअर फिल्टरच्या तोंडावर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

सेंटरहून परत आल्यावर पन्नासेक किमी झाले की तीन गोष्टी पुन्हा बघा: ड्रेन बोल्टखाली थेंब आहे का, गेजवर ऑइल कुठे आहे आणि चेन जास्त आवळून तर दिली नाही ना. तिसरी तक्रार फार येते. काउंटरवर टेफ्लॉन कोटिंग, इंजिन फ्लश, ऑइलमध्ये घालायची बाटली असं काही सुचवतील. ६०० किमीच्या गाडीला यातलं काहीही लागत नाही. ‘फक्त ऑइल आणि जॉब कार्डवर लिहिलेली कामं’ असं सही करायच्या आधी सांगा, जुनं ऑइल तुमच्यासमोर काढायला लावा आणि बिलावर काट्याचा आकडा बरोबर पडलाय ना ते बघून मगच निघा.